सत्तावीस तारखेचा होम

नाही ना बसत विश्वास? मग नको ठेवूस. माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, ही समोर उभी आहे ना बोट, पांढरी, नऊ मजल्यांची—मोजलेत मी, इथे फलाटावरून सगळे दिसतात—ही आख्खी तुला देते, दोरी बांध न् ओढत ने वसईला. लिही की. नाव, महाराणी. गाव, लंडन. वय सोळा, स्थळं बघायचं चाललंय—का ग, पेन का थांबलं? ओठ दाबून हसलीस तरी दिसतं मला. तुझ्या त्या लाल मिशीवाल्या साहेबाला मघाशी मी हेच सगळं सांगितलं, मराठीत, चांगलं ठासून, तर तो आपला 'यस डार्लिंग, यस डार्लिंग' करत जिना उतरला आणि खालच्या तिकिटाच्या खिडकीतून तुला उपटून घेऊन आला. मला डार्लिंग म्हणतो मेला! माझ्या नवऱ्याची नाही कधी टाप झाली. बस ग बाय, उभी का? बाय म्हणतात ना तुमच्याकडे पण? तू 'आजी' म्हणालीस तेव्हाच कळलं मला, ही पोरगी वसईची. नाव डोरीन काय न् स्कर्ट काय, पण जीभ नाही लपत.

बरं, खरं लिही. सगुणा चौलकर. गाव रेवदंडा, मग माझगाव, मग हे सिडनीचं टूनगॅबी. वय लिही सत्तर, एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे झाली तर झाली. शिकलेली चौथी—विचारलं नाहीस तरी लिही—चौथीत दुसरा नंबर, पहिला मास्तरांच्या पोरीचा, ते तू समजून घे काय ते. आणि खाली काय आहे? ते चौकोन कसले? वाच ना, मला लांबचं दिसतं, जवळचं नाही दिसत. हरवलेला माणूस कसा आहे त्यावर खूण करायची? वाच वाच. कन्फ्यूज्ड. अनवेल. आणि हे तिसरं? दारू प्यालेली! चला, तेवढंच राहिलं होतं. आणि रागावलेली? तो चौकोन कुठाय? नाही? एवढा मोठा कागद छापला सरकारने न् रागावलेल्या बाईला जागाच नाही? मग काढ तूच. पेन आहे ना हातात, काढ एक चौकोन, मोठा काढ, आणि खूण कर. त्या पहिल्यावर केलीस ना, डोरीन, तर मी आत्ताच्या आत्ता सांगते तुला, हा कागद मी चावून गिळीन.

रागावलेली का? ऐक तर. ही बोट माझ्यासाठी आहे. खोटं नाही! म्हणजे आख्खी नाही, तिच्यातली एक खोली, दोन पलंगांची, चौदा दिवस—फिजी न् कुठलीकुठली बेटं न् परत. मी न् माझा मुलगा. विश्राम. एकुलता. माझा नवरा माझगावच्या गोदीत फिटर होता, सत्तावीस वर्षं त्याने बोटींच्या पोटात शिरून नटबोल्ट पिळले, अंगाला तेलाचा वास, पण एक दिवस कोणी म्हणालं नाही की बाबा वरती ये, खुर्चीत बस, समुद्र बघ. तो म्हणायचा, सगुणे, एकदा तुला मोठ्या बोटीतनं नेणार. आणि गेला. मेला सरळ. तर गेल्या महिन्यात विश्राम म्हणतो, 'आई, बाबांचं राहिलं ते मी करतो.' मी रडले ग. त्याच्या बायकोसमोर रडले, जे मला कधी जमलं नव्हतं करायला. मला काय माहीत हे मला गूळ दाखवणं चाललंय! बैलाला खाटकाकडे नेताना नाही का हातात गूळ धरतात. तसं. मला बैल केलं माझ्या पोराने.

थांब, सांगते, असं मधेच विचारू नकोस, माझा धागा तुटतो. नाही, तुटत नाही! ते नको लिहूस. म्हणायची पद्धत आहे ती.

तर मी आहे मस्करीखोर. जन्माची. चाळीत माझ्या नावाने बायका कानाला हात लावायच्या. विश्राम लहान असताना शाळेतून यायचा, दार वाजवायचा, न् मी दार उघडून म्हणायची, 'कोण हवंय आपल्याला? साहेब घरात नाहीत.' पोरगं हसून हसून उंबऱ्यात लोळायचं. रोज! रोज तीच मस्करी न् रोज तेवढंच हसायचं. तर इथे आल्यावर एके दिवशी तो कामावरनं आला, टाय सैल, तोंड उतरलेलं, म्हटलं हसवू बिचाऱ्याला—'कोण हवंय आपल्याला? साहेब घरात नाहीत.' पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, 'आई, पुरे.' तिसऱ्यांदा—तिसऱ्यांदा तो बॅग खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवा बसला, माझे दोन्ही हात धरले, म्हणाला, 'आई, मी विश्राम.' असा हळू, देवळात बोलल्यासारखा. आता एवढं तोंड केल्यावर मी काय थांबते? मी म्हटलं, 'कोण विश्राम?' तिथे चुकलं बघ. तिथेच चुकलं माझं. पण तूच सांग, स्वतःच्या आईची मस्करी ओळखू येऊ नये? पन्नासच्या घरात आला!

मग सुरू झालं त्यांचं. मी वीणाला मेधा म्हणायची. वीणा म्हणजे सून. मेधा म्हणजे ती होय, हिच्या आधी बघितलेली पोरगी, गोरी होती, पेटी वाजवायची—मुद्दाम म्हणायची ग, हिचं नाक लाल होतं ना ते बघायला. तर म्हणे आई माणसं विसरायला लागल्या. गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात टाकली—रविवार होता, तरी विश्राम मला सोडून ऑफिसला निघाला होता—तर म्हणे वस्तू भलतीकडे ठेवतात. ती विजेची किटली मी गॅसवर ठेवली, तिचं बूड वितळून धूर—ते पण मी मुद्दाम—ते सोड. ते दिवाळीच्या आधीचं आहे, ते त्यात धरायचं नाही.

आणि मग नेलं इस्पितळात. कुठलं ते विचारू नकोस, भिंती हिरव्या होत्या. एक बाई, गळ्यात चष्मा, ती इंग्रजीत विचारणार, विश्राम मराठीत मला सांगणार, मी मराठीत बोलणार, विश्राम तिला इंग्रजीत सांगणार. म्हणजे माझी अक्कल माझ्या पोराच्या तोंडून तपासायची! घड्याळ काढा म्हणाली. काढलं. वर मिशी काढली, कारण सगळेच असे सुतकात बसल्यासारखे होते. मग म्हणते, साल कोणतं? आता चौऱ्याऐंशी आहे हे काय मला माहीत नाही? पण मला आला राग. म्हटलं, थांब, चौथी पास म्हणजे काय ते दाखवते तुला. म्हटलं, 'शके एकोणीसशे पाच.' बरोबर आहे! तुला कशाला माहीत असेल, तुझं चर्च, पण विचार कोणालाही. आमच्या स्वयंपाकघरात मुंबईचं कॅलेंडर लटकवलंय, एकादशी बघते मी त्यावर, वर ठळक लिहिलंय—शके एकोणीसशे पाच. आणि हा माझा इंजिनिअर, ह्याला मी गिरगाव ते माझगाव चालत जाऊन पैसे वाचवून शिकवला, हा त्या बाईकडे वळून म्हणतो, 'नाइन्टीन ओ फाइव्ह.' बस. शके गिळलं! एवढासा शब्द, तो गिळला त्याने, न् मी तिथल्या तिथे वेडी झाले. तिने मान हलवली, अशी, हळूहळू, न् लिहिलं. मी ओरडले, 'शके सांग, शके!'—तर तिने तेही लिहिलं. ओरडते म्हणून.

हो ग, त्याला आठवत नसेल. वीस वर्षं झाली त्याला येऊन. पण म्हणून काय विचारावं की नाही, की आई, हे काय म्हणालीस?

आता खरं ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुला पण सांगणार नव्हते. एक दिवस वीणा फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती, मी आत ताटं पुसत होते. म्हणते, 'हो शैला, आईंच्या होमचं नक्की झालं. सत्तावीसला.' होम! आता केलीव्हिलला ह्यांचं नवं घर होतंय, चार खोल्या, पुढे गवत, मागे गवत. मग होम म्हणजे काय? वास्तुशांतीचाच ना? तुमच्यात फादर येऊन पाणी शिंपडतो, तसं आमच्यात होम करतात, अग्नी पेटवून. मला कळायला हवं होतं—ती 'होमचं' म्हणाली. 'होमाचं' नाही म्हणाली. लक्षात आलं माझ्या, बरं का, कानाला खटकलंच, पण म्हटलं इकडे राहून हिची जीभ बिघडली. चित्रा, नात माझी, ती नाही का 'घोडाला गाजर दे' म्हणते. आणि मला असा आनंद, असा आनंद—की बघा, मला नुसती कोपऱ्यात नाही बसवलेली, होम माझ्या हातनं करतायत!

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं विश्रामला, 'होमाला माणसं किती?' त्याचा घास हातात राहिला. म्हणतो, 'तुला कोणी सांगितलं?' म्हटलं, मला कान आहेत. तर डोळ्यात पाणी. 'चाळीसएक आहेत, आई. फार चांगली माणसं आहेत.' चाळीस! म्हटलं, व्वा. तर म्हणतो, 'तुला चालेल ना? तू मनापासून सांग.' आणि मी, डोरीन, मी ह्या तोंडाने म्हटलं—'चालेल म्हणजे? अरे, माझी केव्हापासूनची इच्छा आहे.' तो उठला न् त्याने मला मिठी मारली. एवढा मोठा बाप्या, माझ्या खांद्यावर ढसाढसा रडला. मला वाटलं, बापाची आठवण आली असेल. मी त्याच्या पाठीवर हात फिरवते न् म्हणते, 'रडू नको, मी आहे ना. तूप मी कढवते. लोणी आण पाच पौंड. समिधा मागच्या अंगणातल्या गमट्रीच्या, त्या निलगिरीच्या, चालतील, मी वेचते. आणि शेजारच्या गोऱ्याला आधी सांगून ठेव, धूर होईल फार, नाहीतर तो बंब बोलवील.' तर हा वीणाकडे बघतो न् वीणा ह्याच्याकडे, आणि ती म्हणते, अगदी गोड, 'हो आई. सांगू हं आपण बंबवाल्यांना.' लहान पोराशी बोलावं तसं. मी काड्या वेचत होते ग पंधरा दिवस. वाकून वाकून. एकसारख्या तोडून, दोऱ्याने बांधून जुडग्या केल्या. आणि ती खिडकीतनं बघायची.

आता कळलं तुला? नाही, तू कसली बघत्येस माझ्याकडे, तुला आधीच कळलंय. मला कळलं आज. सकाळी. गाडीत.

टूनगॅबीला चढलो चौघं. मी, विश्राम, वीणा, चित्रा. वीणा न् चित्रा नुसत्या पोचवायला. ती बाकाची पाठ ढकलली की उलटी होते ना, ती मी ढकलली न् चित्राला समोर घेतली, तिला पॅरामॅटा स्टेशनापर्यंत आंधळ्या म्हातारीची नक्कल करून दाखवली, एका गोऱ्याने उठून मला जागा दिली, मी बसलेलीच होते! चित्रा हसत होती. नऊ वर्षांची आहे. मराठी कळतं, बोलते इंग्रजी. मी तिला पदर दाखवून म्हटलं, बघ, तुझ्या आईने माझ्या सगळ्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवल्यात, परकराला पण शिवली, बोटीत कोण माझा परकर चोरणार आहे? तर ती म्हणाली, 'नॉट फॉर द बोट, आजी. फॉर द होम. दे वॉश एव्हरीवन्स क्लोद्ज टुगेदर.' मी म्हटलं, कुठला होम? कोण धुतं कपडे होमात? 'द होम, आजी. व्हेअर ओल्ड पीपल लिव्ह. डॅड सेड यू सेड यस.'

डॅड सेड यू सेड यस.

मी विश्रामकडे बघितलं. तो पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, म्हणजे खरंच वाचत होता. वीणा खिडकीबाहेर. एवढी शांत बसली होती, जसं काय झालंच नाही. आणि झालंही नव्हतं त्यांच्या लेखी, आई तर हो म्हणाली! बोट सव्वीसला परत येणार, सत्तावीसला मी तिकडे, म्हाताऱ्यांच्या त्या घरात. केलीव्हिलच्या घरात मी एक रात्रसुद्धा नाही. माझं तूप कुठे गेलं, मी विचारलं नाही. माझ्या जुडग्या कुठे गेल्या ते पण नाही. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की होमाला काडी लावायला नको. आणि राग कोणाचा? तेच तर! त्याचा म्हणावा तर त्याने विचारलं होतं. मनापासून सांग म्हणाला होता. मीच सांगितलं. आयुष्यभर मी लोकांना शब्दात गुंडाळून खड्ड्यात पाडलं, न् एवढा मोठा खड्डा मी स्वतः, स्वतःच्या तोंडाने—आणि कोणी हसायला पण नाही.

तर सेंट्रलला उतरलो. गाडी बदलायची होती. विश्राम बॅगा उतरवत होता, मी म्हटलं, आता ह्याला दाखवते. ज्या बाईला साल सांगता येत नाही ती सिडनीतून एकटी जाऊन बोटीपाशी उभी राहते की नाही बघ. आणि निघाले. जिना उतरले, जिना चढले, गाडीत बसले, बोट दिसली तशी उतरले, दहा मिनिटांत इथे. एकटी! कोणाला विचारलं नाही. हे लिही. हे आधी लिही. कन्फ्यूज्ड बाई येईल अशी? तुझ्या साहेबाने फोन केलाय ना त्याला, मी त्याची वाट बघत बसल्येय इथे, तो आला की त्याच्या तोंडावर सांगायचंय मला, की 'नाही'. मी होमाला हो म्हटलं होतं, तुझ्या त्या होमला नाही. सत्तावीसला मी कुठेही जाणार नाही. एवढं एकच सांगायचंय. पण त्याआधी तू त्याच्या हातात हा कागद दिलास, पहिल्या चौकोनावर खूण करून, तर माझं 'नाही' कोण ऐकेल? 'हो' ऐकलं लगेच. नाही कोण ऐकेल?

काय? किती वाजता उतरलो म्हणजे? दहा-सव्वादहा. वर काय लिहिलंय, वाचून दाखव. हरवल्याची खबर दहा वीस. बरोबर. मग? आता साडेदहा असतील. फार तर पावणेअकरा.

काय बोलत्येस?

मस्करी माझ्याशी नको करूस, मी तुझ्या दसपट—कुठलं घड्याळ? ते? ते बंद असेल. तुझं दाखव. हातावरचं.

पावणेदोन.

नाही ग. मी उतरले, तो पेपर घडी करत होता, जिना होता, पिवळ्या फरश्या, एक बाई बासरी वाजवत बसली होती, मग मी गाडीत—गाडीत बसले—बाजूला एक मुलगा सफरचंद खात—आणि मग बोट. मधे काही नाही. मधे काहीच नाही, मी सांगते ना तुला. दहा मिनिटं.

ही गाडी शहरातनं गोल फिरते ना? फिरते ना गोल? मग फिरले मी. मुद्दाम! त्याला जरा घाम फुटावा म्हणून, एक फेरी, दोन फेऱ्या, किती असतील त्या, बसून राहिले मजेत. मस्करी केली. लिही ना. काय बघत्येस? मस्करी केली म्हणून लिही, मराठीत लिही नाहीतर इंग्रजीत लिही, पण तीन तास नको लिहूस. तीन तास हा आकडा नको तिथे. हात सोड माझा. मी पडत नाहीये, हात सोड.

आली बघ गाडी. तो तिसऱ्या डब्यातनं उतरतोय, निळा शर्ट, दोन्ही हातात बॅगा, धावतोय बावळट, बॅगा ठेवून धावावं एवढं पण कळत नाही. रडलाय वाटतं. विश्राम. नाव मीच ठेवलंय त्याचं, बारशाला, कोणाला न विचारता. मला नीट बोलायचंय त्याच्याशी. एकदम सरळ बोलायचंय, मला सवय नाही त्याची, तू समोर उभी राहिलीस तर जमायचं नाही. तो कागद दे इकडे. दे म्हणते ना. खिडकीशी रांग लागली असेल तुझ्या, लोकांना तिकिटं हवी असतील, जा. वळून बघू नकोस. जा ग बाय, जा आता.